शब्दचर्चा : 'मंडळी' म्हणजे कोण?

प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

काकाजी, सलाम. मी बी.एड. करते आहे. मागच्या आठवड्यात सराव पाठात समूहवाचक नामं घेतली. उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं, 'आमच्या भागात चार मंडळ्या आहेत.' तास संपल्यावर मला सांगण्यात आलं की 'मंडळ्या' असा शब्द मराठीत नाही, 'मंडळी' म्हटलं की त्यातच अनेकजण आले. मी गप्प बसले, पण मनातून गेलं नाही. आम्ही ख्रिस्ती, उपासनेला जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समूहाला मंडळी म्हणतो, आणि हा शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकते आहे. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, दर महिन्याला चारही मंडळ्यांसाठी प्रार्थना करतात. मग आम्ही इतकी वर्षं चुकीचं मराठी बोलत होतो का?

दुसरं असं की माझी आजी 'मंडई' म्हणते. 'चाल व माय, मंडईत जाऊ' असं ती रविवारी म्हणाली की माझ्या वर्गमैत्रिणीला भाजीची पिशवी आठवते.

तिसरी गोष्ट विचारू की नको असं झालं होतं. मी लहान असताना घरात एक वाक्य ऐकलं होतं, 'त्याले मंडईबाहीर केलं.' ते मामाबद्दल होतं. नेमकं काय झालं होतं ते मला आजही कोणी सांगत नाही. पण त्यानंतर मामा उपासनेला आला नाही, आणि हळूहळू घरीही येईनासा झाला. हा शब्दप्रयोग पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला आहे की आपला?

उत्तर (अचलपूर)

बेटा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर संपतं. पोळीचं पोळ्या होतं, टोळीचं टोळ्या होतं, तसंच मंडळीचं मंडळ्या. ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन असंच होतं. रोजच्या बोलण्यात ते लागत नाही, कारण एका घरची मंडळी आली की एकच घोळका आला, मोजायला दुसरा नसतो. दोन घोळके वेगळे मोजायचे झाले की अनेकवचन येतंच. जुन्या रंगभूमीबद्दल लिहिणारे सगळे 'नाटक मंडळ्या' असंच लिहितात. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी आणि १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी, या दोन मंडळ्या झाल्या. आपल्याकडे तर बायबलमधलं प्रकटीकरणाचं पुस्तकच आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. तुझं वाक्य फळ्यावर होतं तसंच राहू दे.

आता आजीचं 'मंडई'. वऱ्हाडीत ळ चा य होतो. काळी माती ती काई माती, डोळे ते डोये, आणि मंडळी ती मंडयी. बोलताना य विरघळतो आणि 'मंडई' ऐकू येतं. आजीचा उच्चार शुद्ध वऱ्हाडी आहे, तो दुरुस्त करू नकोस.

मला जिथं थांबून बोलायचं आहे ते अर्थाबद्दल. नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया'. धातूनं पाहिलं तर बोलावून बाहेर काढलेले, हाक मारून जमवलेले. अथेन्समध्ये नागरिकांची जी सभा भरायची तिचंही नाव हेच. म्हणजे शब्द धर्मातला नव्हता, चावडीवरचा होता. पुढे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा इस्राएल लोकांच्या जमण्याला, हिब्रूतल्या 'काहाल'ला, अनेक ठिकाणी हाच शब्द घातला गेला. येशूच्या तोंडी तो चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, मिळून दोनच जागी येतो, आणि दोन्ही जागा मत्तयाच्या आहेत, सोळाव्या आणि अठराव्या अध्यायात.

मराठी भाषांतराचं बारकाईनं काम कुठं दिसतं, तर प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात. इफिसात दिमेत्रिय नावाच्या सोनारानं कारागीर चेतवले, गर्दी नाटकगृहात घुसली, दोन तास अर्तमी देवीच्या नावाची आरोळी चालली. हे पुस्तक लिहिणारा लूक तिथं स्पष्ट लिहितो की बहुतेकांना आपण कशाला जमलो हेच ठाऊक नव्हतं. ग्रीकमध्ये त्या गर्दीलाही 'एक्लेसिया'च म्हटलंय. मराठीत तिथं 'सभा' आहे. भाषांतरकारांना कळत होतं की न ओळखणाऱ्यांची गर्दी झाली तर मराठी माणूस तिला मंडळी म्हणणार नाही. मराठीत मंडळी म्हणायला नातं लागतं: घरची मंडळी, सासरची मंडळी, वडील मंडळी, पाहुणे मंडळी. बाजारात पाचशे माणसं असतात, त्यांना कोणी मंडळी म्हणत नाही. त्यातले चार जण आपल्या गावचे निघाले आणि एका बैलगाडीत बसले की ती मंडळी झाली.

म्हणून मला हा शब्द 'चर्च'पेक्षा जवळचा वाटतो. 'चर्च'चं मूळ ग्रीक 'कुरिआकॉन', म्हणजे प्रभूचं. तेही सुंदर आहे, पण आपल्याकडे चर्च म्हटलं की भिंती आणि घंटा डोळ्यापुढे येते. आमच्या आजूबाजूच्या कित्येक गावांत भिंती नाहीतच. कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी टाकतात, कपाशीचे गठोडे एका बाजूला सरकवतात, आणि उपासना होते. त्या ओसरीला कोणी चर्च म्हणत नाही, पण तिथं मंडळी असते.

उत्तर (नागपूर, कॅथलिक)

आम्ही 'ख्रिस्तसभा' म्हणतो. म्हणजे तुम्ही ज्या 'सभा'ला गर्दीच्या बाजूला ठेवलंत, तोच शब्द आमच्या घरात पूज्य आहे. 'सभा'ला फार कमी लेखू नका. सभेत प्रत्येकाचं आसन असतं, बोलण्याची रीत असते, अध्यक्ष असतो. जगभर पसरलेल्या, दोन हजार वर्षांच्या, आज हयात नसलेल्या संतांसकट सगळ्यांना कवेत घेणाऱ्या देहाला 'मंडळी' हा शब्द मला तोकडा वाटतो. मंडळी म्हटलं की ओसरी दिसते, हे तुम्हीच लिहिलंत.

एक भर घालतो. वसई-गोव्याकडचा 'इगर्जी' हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला, आणि 'इग्रेजा' हे 'एक्लेसिया'चंच रूप. हिंदीतलं 'गिरजाघर'ही तिथूनच. म्हणजे माणसांचं नाव इमारतीला मिळालं. आणि वरुडच्या पलीकडे, छिंदवाडा-बैतुलच्या हिंदीभाषक मंडळ्यांत (मीही वापरला पाहा तुमचा शब्द) 'कलीसिया' म्हणतात. तोही एक्लेसियाच, अरबी-फारसीच्या वाटेनं आलेला.

उत्तर (साकोली, जि. भंडारा)

मी ख्रिस्ती नाही, शब्दांची आवड म्हणून वाचतो. आमच्या झाडीपट्टीत 'मंडई' म्हणजे तिसरीच गोष्ट. दिवाळीची भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री दंडार (आमचं लोकनाट्य) नाही तर नाटक. लेकी माहेरी येतात, जावई येतात, ज्याच्या घरी पाहुणे नाहीत त्याला चुकल्यासारखं वाटतं. तुमच्या मंडळीशी या शब्दाचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही, तो नुसता उच्चाराचा योग असेल. पण त्या आजीचं 'मंडईत जाऊ' आमच्या गावात कोणाला खटकलं नसतं. आम्हीही मंडईत जातो ते माणसं भेटायलाच.

उत्तर (अचलपूर)

साकोलीच्या भाऊंचं वाचून बरं वाटलं. नागपूरच्या भाऊंचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. मंडळी हा शब्द जवळचा आहे, आणि जवळच्या शब्दाला लांबचं दिसत नाही. प्रेषित पौल नव्या करारातल्या पत्रांत इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहितो तेव्हा त्याच्या मनात एका ओसरीपेक्षा फार मोठं काही आहे. तिथं 'ख्रिस्तसभा' हा शब्द मोठा श्वास घेतो. पण पौलानंच रोमकरांच्या पत्राच्या शेवटी प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. त्यालाही ओसरी ठाऊक होती.

आता माझ्या घरची गोष्ट, कारण तिच्याशिवाय मला हा शब्द समजावता येणार नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं रस्त्यावर पडली. मिशनच्या अनाथाश्रमांत पोरं आणली जात होती, त्यांतल्या एकीचं वय सहा-सात असेल. ती माझी पणजी. तिला आईचा चेहरा आठवत होता, गावाचं नाव आठवत नव्हतं. बापाला सगळे 'बा' म्हणत, म्हणून बापाचं नावही नाही. पुढं लग्न होऊन ती आमच्या गावी आली. आपल्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे: 'कोनाची व्हय वं तू?' नाव नंतर विचारतात. कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या घरची, हे आधी. विहिरीवर बायकांनी तिला हे विचारलं तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, 'मंडयीची व्हय.'

बायकांना वाटलं, ही अमुक घरच्या मंडळीतली असेल. त्यांनी पुढचं विचारलं नाही, तिला पाणी भरू दिलं. ही गोष्ट ती म्हातारपणी आम्हा पतवंडांना सांगायची, आणि सांगताना कधी रडली नाही.

इफिसकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या ओवीत पौल परराष्ट्रीयांना सांगतो की तुम्ही आता परके आणि उपरे राहिला नाहीत, तुम्ही देवाच्या घरचे आहात. 'उपरा' हा शब्द आज आपण सैल वापरतो. जुन्या महसुली मराठीत त्याला धार होती. गावात ज्याची वंशपरंपरेची जमीन, तो मिरासदार. जो दुसऱ्या गावाहून येऊन जमीन कसायचा, ज्याचा गावावर कायमचा हक्क नव्हता, तो उपरी. ग्रीक मूळ शब्द आहे 'पारोइकोस', घराच्या शेजारी राहणारा पण घरचा नसलेला. शेतकऱ्याला 'उपरा' म्हटल्यावर जे टोचतं, तेच पौलाला म्हणायचं होतं. आणि त्याच ओवीत तो सातबारा बदलून देतो. माझ्या पणजीला वाचता येत नव्हतं, पण ही ओवी तिला पाठ होती.

(नागपूरच्या भाऊंसाठी: तुमचं 'पॅरिश', म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, हे नाव याच पारोइकोसच्या कुळातलं. पहिल्या विश्वासणाऱ्यांनी उपरेपणाचंच नाव स्वतःच्या वस्तीला दिलं, आणि तेच पुढे हक्काच्या जागेचं नाव झालं.)

आणखी एक अर्थ राहतो. जुन्या पिढीतला माणूस बायकोचं नाव घेत नाही. 'आमच्या मंडळींची तब्येत बरी नाही' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं. आता इफिसकरांच्या पाचव्या अध्यायात पौल नवऱ्यांना सांगतो की ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी तुम्ही आपल्या बायकोवर करा. ग्रीकमध्ये हा श्लेष नाही, इंग्रजीत नाही. मराठीत तो आपोआप घडतो. गावातले एक म्हातारे वडील हा भाग वाचताना 'मंडळी' शब्दावर थांबायचे आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहायचे. त्यांना कोणी व्याकरण शिकवलं नव्हतं.

हे लिहिताना ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आठवतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला, तिथून सुरुवात. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते एका मंडळीत आले, पण घरची मंडळी त्याच क्षणी दुरावली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. मधल्या वर्षांत त्या माणसानं काय सोसलं असेल आणि त्या बाईनं काय सोसलं असेल, ते 'मंडळी' या शब्दाच्या दोन्ही अर्थांच्या मधोमध आहे. मंडळीत येणं म्हणजे फक्त मिळवणं, असं मी म्हणणार नाही. आपल्यातल्या अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी एक घर मिळवताना दुसरं गमावलं. ते न सांगता विश्वासाविषयी बोलू नये, असं मला वाटतं.

प्रश्न (दर्यापूर तालुका)

काकाजी, तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं.

उत्तर (अचलपूर)

राहिलं नाही बेटा. नीट लिहायचं म्हणून मागे ठेवलं होतं.

'मंडळीबाहेर' हा जोडशब्द शास्त्रात जसाच्या तसा मला कुठं सापडत नाही. त्याचा आधार म्हणून जे दाखवतात ते मत्तय १८:१७. भाऊ चुकला तर आधी एकट्यानं जाऊन सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो तुला विदेशी किंवा जकातदार यांच्यासारखा होवो. इतकंच वाचून पुस्तक मिटलं, तर शिक्षा झाली.

पण याच्या अगदी वर काय आहे? शंभर मेंढरं, त्यातलं एक हुकलं, धनी नव्याण्णव डोंगरावर ठेवून त्या एकाच्या मागे गेला. मेळघाटच्या पायथ्याशी उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराला विचार, नव्याण्णव सोडून जाणं म्हणजे काय. आणि याच्या अगदी खाली काय आहे? पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. हुकलेलं मेंढरू आणि सत्तर वेळची क्षमा यांच्या मधे ती ओवी बसवलेली आहे. तिला तिथून उचलून एकटी वापरणं मला पटत नाही.

आणि 'जकातदार' हा शब्द कोण लिहितो आहे ते पाहा. मंडळीच्या परंपरेनं हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर ठेवलं तो मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावर बसणारा होता. येशू त्याच्या घरी जेवायला बसला, म्हणून परूशी, म्हणजे कडक नेमधर्म पाळणारे यहूदी, चिडले. जकातदारासारखा समज, याचा अर्थ येशूच्या तोंडी काय निघतो? त्याच्या घरी जाऊन जेव, असाच निघतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिस्त नको असं मी म्हणत नाही. पौलानंही करिंथ शहरातल्या मंडळीत एकाला दूर ठेवायला लावलं होतं. पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात ज्याला शिक्षा झाली त्याच्याविषयी तोच लिहितो की त्याला आता क्षमा करा, धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल. हे दुसरं पत्र वाचायचं राहून जातं.

आपल्या गावांत घडलं ते असं की 'मंडळीबाहेर' या शब्दात गावकीचा 'वाळीत टाकणं' शिरला. पंचांनी पाणी बंद केलं, तसं आम्ही सलाम बंद केला. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्यात २०१६ चा कायदा आहे. मंडळीला कायद्याची वाट पाहायला लागायला नको होती.

तुझ्या मामाचं काय झालं मला माहीत नाही, आणि मी कोणाची बाजू घेत नाही. मला फक्त शब्दाबद्दल बोलता येतं. पंगतीत पानं मांडली की वाढपी विचारतो, 'मंडळी बसली का?' कोणी हात-पाय धुवायला गेला असेल, कोणी बैल बांधत असेल, तर उत्तर येतं, 'थांबा, मंडळी यायची हाये.' मग भात झाकून ठेवतात. करिंथात नेमकं हेच होत नव्हतं. ज्यांना वेळ होता ते आधी येऊन जेवत, राबून येणारे उशिरा येत आणि उपाशी राहत. पौलानं त्यावर मोठं प्रवचन दिलंच, पण शेवटी सांगितलं ते एका ओळीचं: भोजनास एकत्र जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. १ करिंथ ११:३३.

आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत संध्याकाळची उपासना घड्याळावर सुरू होत नाही. बाया शेतातून आल्या, ओटीतला कापूस मोजून दिला, तोंड धुतलं, की मग पहिलं गीत. माझे वडील कंदील लावून बसायचे. मी लहान होतो, झोप यायची, विचारायचो, सुरू का करत नाही? ते म्हणायचे, अजून मंडळी कुठं आली?

उत्तर (नागपूर, कॅथलिक)

काकाजी, एक शंका. 'दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत' हे याच अठराव्या अध्यायात आहे. दोघांना मराठीत मंडळी म्हणता येईल का?

उत्तर (अचलपूर)

व्याकरणानं अवघड आहे. दोघांना कोणी मंडळी म्हणत नाही. पण ती ओवी नीट वाचली तर तिथं दोघंच नाहीत. 'त्यांच्यामध्ये मी आहे' असं पुढं आहे. म्हणजे कमीत कमी तिघं. तिघांची मंडळी होते, आमच्याकडे तरी.

प्रश्न (दर्यापूर तालुका)

हे सगळं काल रात्री आजीला वाचून दाखवलं. पणजीच्या गोष्टीपाशी तिनं मला थांबवून तेवढं परत वाचायला लावलं. मामाच्या भागाला काही बोलली नाही. सकाळी चहा घेताना म्हणाली, 'त्याचा फोन हाये का तुह्यापाशी?' माझ्याकडे नव्हता, मावशीकडून घेतला. आजी त्याच्याशी बोलली, अर्ध्याहून जास्त वेळ दोघं पिकाबद्दलच बोलले.

मग ती पाळकांच्या घरी गेली, मी सोबत होते. आमची रविवारची उपासना साडेआठला असते. मामाच्या गावाहून येणारी यष्टी फाट्यावर नऊला पोचते, तिथून पायी दहा मिनिटं. पाळकांनी वहीत पाहिलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, या रविवारी सव्वानऊला सुरू करू.